दोन शॉर्टस्टॉप, एक वही : बॅट आणि ग्लोव्हचा मेळ कसा घालायचा

डेरेक जेटर आणि ओझी स्मिथ हे अमेरिकन बेसबॉलमधले दोन नावाजलेले शॉर्टस्टॉप (फिल्डिंगची एक अवघड जागा, ती पुढं सांगतो), आणि त्यांतला सरस कोण हा आमचा वाद. जेटरची बॅटिंग सरासरी ०.३१०, स्मिथची ०.२६२. एवढे दोन आकडे टाकून न्यू जर्सीतला माझा भाचा फोनवर म्हणतो, "मामा, विषय संपला गा." भाचा जेटरच्या संघाचा, यांकीजचा कट्टर, त्यामुळं त्याचे विषय लवकर संपतात. मी म्हटलं, "थांब की जरा. ग्लोव्हचं, म्हणजे फिल्डिंगचं, अजून बोललोच नाही."

मी बेळगावच्या रविवार पेठेत एका अडत दुकानात दिवाणजी आहे, राहायला येळ्ळूरला. बेसबॉलचा नाद या भाच्यानंच लावला. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी सातला सुरू होणारी मॅच तिकडच्या उन्हाळी वेळेत आपल्याकडं पहाटे साडेचारला लागते; दुकान उघडायच्या आत निकाल कळतो. शिवाय आमच्या भागातल्या एका हायस्कूलच्या मुलींच्या सॉफ्टबॉल संघाची स्कोअरवही मी लिहितो. दोन शॉर्टस्टॉपपैकी सरस कोण, हा प्रश्न दोन्हीकडं पडतो. रीत बहुतेक सारखीच आहे, फक्त तिकडं आकडे तयार मिळतात आणि इकडं ते आपल्यालाच गोळा करावे लागतात. उदाहरणाला स्मिथ आणि जेटर मुद्दाम घेतलेत. एकाचं नाव ग्लोव्हनं झालं, दुसऱ्याचं बॅटनं, त्यामुळं हिशोबाची कसोटी लागते.

ही जागा अशी का

बॅटर होम प्लेटवरून मारतो आणि पहिला, दुसरा, तिसरा बेस घेत पुन्हा होमला आला की एक रन. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहतो तो शॉर्टस्टॉप. बहुतेक बॅटर उजव्या हाताचे, आणि त्यांनी ओढून मारलेला जमिनीवरचा चेंडू नेमका याच बाजूला येतो. होम प्लेटपासून पहिला बेस ९० फूट, म्हणजे २७.४३ मीटर. मेजर लीगमधला, म्हणजे तिकडच्या सर्वांत वरच्या स्पर्धेतला, साधारण बॅटर ते अंतर सव्वाचार-साडेचार सेकंदांत कापतो. तेवढ्या वेळात चेंडू गाठायचा, उचलायचा, ग्लोव्हमधून हातात घ्यायचा आणि पार मैदानाच्या पलीकडं पहिल्या बेसवर फेकायचा. यातल्या एकाही टप्प्यावर अर्धा सेकंद गेला तर बॅटर पोचला. म्हणून संघवाले या जागेवर थोडी कमजोर बॅटही चालवून घेतात.

तुलना करणाऱ्याची इथं एक सोय होते. शॉर्टस्टॉप आणि पहिल्या बेसवरचा खेळाडू यांना शेजारी ठेवायचं तर जागेच्या अवघडपणाचे वेगळे गुण द्यावे लागतात. दोघंही शॉर्टस्टॉप असले की ते गुण दोन्हीकडं सारखेच, ते सोडून द्या.

बॅटिंग : सरासरीवर थांबू नका

बॅटिंग सरासरी म्हणजे हिट (फटका मारून बेसवर पोचणं) भागिले अधिकृत बॅटिंगच्या संधी. तिच्यात दोन उणिवा आहेत. एक, चार वाईट चेंडू सोडून मिळवलेला वॉक तिच्यात धरलाच जात नाही. दोन, एका बेसची हिट आणि होमरन (एकाच फटक्यात होमपर्यंत परत) तिला सारखेच. म्हणून दोन वेगळे आकडे काढायचे.

पहिला ऑन-बेस टक्का. हिट, वॉक आणि अंगावर चेंडू लागून मिळालेला बेस यांची बेरीज करायची. तिला अधिकृत संधी, वॉक, अंगावर लागलेले चेंडू आणि सॅक्रिफाइस फ्लाय (उंच मारून स्वतः झेलबाद, पण बेसवरचा सोबती होमला पोचतो) यांच्या बेरजेनं भागायचं. जेटरच्या ३,४६५ हिट, १,०८२ वॉक, १७० वेळा अंगावर चेंडू. भागाकार येतो ०.३७७. स्मिथच्या २,४६० हिट, १,०७२ वॉक, ३३ वेळा अंगावर, भागाकार ०.३३७. सरासरीत दोघांत ४८ हजारांशांचं अंतर दिसत होतं, ते इथं ४० वर आलं, कारण स्मिथ वॉक भरपूर काढायचा. कारकिर्दीत त्याचे स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) ५८९ आणि वॉक जवळजवळ दुप्पट! जेटरचे स्ट्राइकआउट १,८४०. भाच्यापाशी या आकड्यावर मी फारसं तोंड उघडत नाही, कारण स्ट्राइकआउट हा शेवटी एक आउटच. दिसायला वाईट, पण ग्राउंडरवर (जमिनीवरून मारलेल्या चेंडूवर) आउट होण्यापेक्षा फारसा महाग नाही.

दुसरा आकडा स्लगिंगचा. हिटनं एकूण किती बेस मिळवले, भागिले अधिकृत संधी. जेटर ०.४४०, स्मिथ ०.३२८. इथं मात्र दरी मोठी आहे. जेटरचे होमरन २६०, स्मिथचे २८. तेही १९ हंगामांत.

बरेचजण हे दोन आकडे बेरीज करून ओपीएस म्हणून सांगतात. झटपट अंदाजाला ठीक आहे, पण त्या बेरजेत बेसवर पोचण्याला द्यायला पाहिजे त्याहून कमी मान मिळतो. वेळ असेल तर पुढची पायरी करा.

सगळं रनमध्ये आणा

जोंधळ्याची पोती आणि गुळाच्या ढेपा यांची बेरीज करायला कुणी सांगितलं तर मी आधी दोन्ही रुपयात आणीन. बॅट आणि ग्लोव्ह यांचंही तसंच, आणि बेसबॉलमधला रुपया म्हणजे रन. भाव कसे निघाले? हजारो मॅचच्या नोंदी घेऊन अभ्यासकांनी पाहिलं, की अमुक घटना घडण्याआधी त्या इनिंगमध्ये सरासरी किती रन व्हायची शक्यता होती आणि घडल्यावर ती किती झाली. दोन्हींतला फरक तो त्या घटनेचा भाव.

मेजर लीगला चालतील असे ठोकळ भाव हे : एका बेसची हिट ०.४७ रन, डबल (दोन बेसची) ०.७७, ट्रिपल (तीन बेसची) १.०५, होमरन १.४, वॉक किंवा अंगावर चेंडू ०.३१. आउट झाला तर वजा ०.२७. होमरनचा भाव चार-पाच नाही, दीडसुद्धा नाही, हे पहिल्यांदा पाहताना चमत्कारिक वाटतं. पण पुष्कळदा बेसवर कुणी नसतंच, आणि मग एकच रन होते.

आता कागद घ्या. जेटरच्या एका बेसच्या हिट २,५९५, डबल ५४४, ट्रिपल ६६, होमरन २६०, वॉक आणि अंगावरचे मिळून १,२५२. या सगळ्यांना आपापल्या भावानं गुणून जमा येते सुमारे २,४६० रन. आउट ७,७८८, त्यांचे गेले २,१०३. शिल्लक अधिक ३५७.

स्मिथच्या एका बेसच्या हिट १,९६१, डबल ४०२, ट्रिपल ६९, होमरन २८, वॉक वगैरे १,१०५. जमा १,६८५. आउट ६,९९९, त्यांचे गेले १,८९०. शिल्लक वजा २०५.

हा कच्चा हिशोब झाला. पक्का करायला काळ आणि मैदान धरावं लागतं. स्मिथ १९७८ ते १९९६ खेळला, नॅशनल लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक), त्यातली बहुतेक वर्षं सेंट लुइसच्या मोठ्या मैदानावर, जिथं होमरन दुर्मिळ होते. जेटर १९९५ ते २०१४, अमेरिकन लीगमध्ये, आणि त्यातली पहिली बरीच वर्षं धो धो रन होण्याची होती. जिथं सगळ्यांनाच रन कमी होतात तिथं एक आउट तेवढा महाग पडत नाही, म्हणून स्मिथची वजाबाकी हलकी होते. ही दुरुस्ती घरी करायची गरज नाही. ओपीएस प्लस नावाचा तयार आकडा मिळतो, त्यात १०० म्हणजे त्या काळातला सरासरी बॅटर. जेटर ११५, स्मिथ ८७. बेसबॉल-रेफरन्स हे संकेतस्थळ ही दुरुस्ती करून जेटरला बॅटचे अधिक साडेतीनशेच्या घरात रन देतं आणि स्मिथला वजा १२० च्या आसपास. म्हणजे बॅटवर जेटर सुमारे ४७० नं पुढं. हा आकडा समासात लिहून ठेवा.

पळण्याचं थोडक्यात उरकतो. चोरलेल्या, म्हणजे फटका नसताना पळून गाठलेल्या, बेसचा भाव ०.२, चोरताना पकडला गेला तर वजा ०.४. स्मिथनं ५८० चोरले, १४८ वेळा सापडला, अधिक ५७. जेटरनं ३५८ चोरले, ९७ वेळा सापडला, अधिक ३३. स्मिथ २४ नं पुढं. चोरीची संख्या बघून भाळणाऱ्यांनी पकडल्याचा भाव दुप्पट आहे हे विसरू नये.

फिल्डिंग : एरर मोजणं सगळ्यांत फसवं

इथं सावकाश जाऊ, कारण भांडणं सगळी इथंच होतात.

वर्तमानपत्रात यायचा तो फिल्डिंग टक्का. पुटआउट (स्वतः केलेला आउट) आणि असिस्ट (दुसऱ्यानं आउट करावा म्हणून दिलेला थ्रो) यांची बेरीज, भागिले पुटआउट, असिस्ट आणि एरर (फिल्डरची चूक) यांची बेरीज. शॉर्टस्टॉप म्हणून स्मिथचे ४,२४९ पुटआउट, ८,३७५ असिस्ट, २८१ एरर, टक्का ०.९७८. जेटरचे ३,८२० पुटआउट, ६,६०५ असिस्ट, २५४ एरर, टक्का ०.९७६. म्हणजे दोघं जवळजवळ सारखे, आणि जेटरचे एरर तर स्मिथपेक्षा कमीच. भाचा हे दोन आकडे पाठ करून बसलाय.

पण टक्क्यात काय येत नाही ते बघा. जो चेंडू फिल्डरनं गाठलाच नाही तो कुठंच लिहिला जात नाही. डावीकडं तीन पावलं टाकून चेंडू अडवला आणि थ्रो वाकडा गेला तर एरर. तोच चेंडू पाहत जागेवर उभा राहिला तर हिट, आणि फिल्डरची पाटी कोरी. सुस्त माणसाचा टक्का चांगला दिसतो तो असा.

त्यावर तोड म्हणून बेसबॉलच्या आकड्यांचे अभ्यासक बिल जेम्स यांनी रेंज फॅक्टर मांडला. एरर बाजूला ठेवा, आउट किती केले ते मोजा. पुटआउट अधिक असिस्ट, भागिले मॅच. (इनिंग मिळाल्या तर नऊ इनिंगच्या हिशोबानं काढा, ते जास्त बरोबर.) स्मिथ शॉर्टस्टॉपवर २,५११ मॅच खेळला, मॅचमागं ५.०३. जेटर २,६७४, मॅचमागं ३.९०. बघा, टक्क्यात झाकलेलं इथं उघडं पडलं.

मात्र लगेच उडी मारू नका. रेंज फॅक्टरलाही पारखावं लागतं, आणि पारखायची एक सोपी युक्ती आहे : त्याचे रन करून बघा. शॉर्टस्टॉपनं न केलेला एक आउट म्हणजे समोरच्या संघाला एक हिट मिळाली, ०.४७ रन, आणि आपल्याला मिळणारा आउट गेला, ०.२७. मिळून पाऊण रन. दोघांतला फरक मॅचमागं १.१३ आउट, म्हणजे मॅचमागं ०.८५ रन, १५० मॅचच्या हंगामाला सव्वाशेहून जास्त. दहा रनला साधारण एक विजय धरतात. एकट्या शॉर्टस्टॉपच्या ग्लोव्हनं हंगामात बारा-तेरा विजयांचा फरक? शक्यच नाही. म्हणजे त्या १.१३ मध्ये बाकीचं बरंच मिसळलंय.

काय मिसळलंय? जेटरच्या काळात स्ट्राइकआउट जास्त, त्यामुळं मुळात जमिनीवर येणारे चेंडूच कमी. पिचर (बॅटरला चेंडू टाकणारा) खाली चेंडू टाकणारा असला की ग्राउंडर वाढतात, वर टाकणारा असला की हवेत जातात. समोर डावखुरे बॅटर जास्त असले तर चेंडू मैदानाच्या दुसऱ्या बाजूला जातात. दुसऱ्या बेसवरचा आउट शॉर्टस्टॉपनं घ्यायचा की दुसऱ्या बेसवरच्या खेळाडूनं, हे त्या दोघांच्या समजुतीवर चालतं. सोप्या उंच चेंडूवर "माझा" म्हणून कोण ओरडतो यावरही पुटआउट बदलतात. म्हणून मी पुटआउटपेक्षा असिस्टवर जास्त विश्वास ठेवतो. १९८० मध्ये स्मिथनं एका हंगामात ६२१ असिस्ट केले, शॉर्टस्टॉपसाठी तो विक्रम आजही आहे. असा आकडा नुसत्या नशिबानं येत नाही.

पुढची पायरी म्हणजे मॅचमधल्या प्रत्येक चेंडूची नोंद घेऊन, सरासरी शॉर्टस्टॉपनं किती आउट केले असते आणि यानं किती केले, हे काढणं. बेसबॉल-रेफरन्सच्या या हिशोबात स्मिथ अधिक २४० च्या आसपास, आणि जेटर वजा २४० च्याही खाली. दोघांतलं अंतर ४८० ते ४९० रन.

आता हाच आकडा उलटा फिरवून बघा. ४८५ रनला पाऊणनं भागलं की साडेसहाशेच्या आसपास आउट. ते अडीच हजारांवर मॅचमध्ये पसरलेत. म्हणजे चार मॅचला एक चेंडू! इतिहासातला सर्वांत नावाजलेला ग्लोव्ह आणि आकड्यांनी सर्वांत जास्त झोडपलेला ग्लोव्ह, यांच्यात फरक चार मॅचला एका ग्राउंडरचा. सलग पाहणाऱ्याच्याही डोळ्याला तो दिसणार नाही. म्हणून "मी त्याला इतकी वर्षं बघतोय" हे वाक्य फिल्डिंगच्या वादात कमी वजनाचं धरा, मग ते भाच्याचं असो की नावाजलेल्या प्रशिक्षकाचं. जेटरला पाच गोल्ड ग्लोव्ह (उत्तम फिल्डिंगचा वर्षाचा पुरस्कार) मिळाले, २००४, २००५, २००६, २००९ आणि २०१० चे. त्या काळी ही निवड संघांचे मॅनेजर आणि कोच यांच्या मतांवर व्हायची. त्यांची मतं खोटी नव्हती. जेटरचे हात भरवशाचे होते, आणि तिसऱ्या बेसच्या बाजूला खोल जाऊन हवेत उडी मारून फेकलेला त्याचा थ्रो कुणालाही मोहात पाडेल. पण दुसऱ्या बेसच्या बाजूनं मधोमध निघून गेलेल्या चेंडूंची वही त्या मतांपाशी नव्हती. स्मिथचे गोल्ड ग्लोव्ह तेरा, १९८० ते १९९२ सलग, आणि तिथं मत आणि आकडा एकाच बाजूला बोलतात.

गाजलेल्या क्षणांचंही असंच करा. १३ ऑक्टोबर २००१ ला ओकलंडविरुद्ध जेटरनं पहिल्या बेसच्या रेषेपर्यंत धावत येऊन होमकडं फेकलेला तो उलट्या हाताचा चेंडू मी पुन्हा पुन्हा पाहतो, मजा येते. पण तो एकच आउट आहे. आणि डाइव्ह मारून धरलेल्या चेंडूबद्दल एक सवय लावून घ्या : व्हिडिओ मागं नेऊन बॅटला चेंडू लागतानाचं पहिलं पाऊल बघा. ज्याचं पहिलं पाऊल लवकर पडतं तो तोच चेंडू उभ्यानं धरतो, आणि टाळ्या डाइव्हवाल्याला मिळतात.

आजच्या खेळाडूंची तुलना करायची असेल तर एवढी मेहनत नको. मेजर लीगच्या सगळ्या मैदानांवर २०१५ पासून स्टॅटकास्ट नावाच्या यंत्रणेची मापणी आहे. आउट्स अबव्ह ॲव्हरेज या आकड्यात चेंडूपर्यंतचं अंतर, हाताशी असलेला वेळ, तिथून बेसचं अंतर आणि पळणाऱ्याचा वेग हे सगळं धरलेलं असतं. बेसबॉल सॅव्हंट या संकेतस्थळावर फुकट बघायला मिळतं. तो आकडा पाऊणनं गुणा, रन तयार. फक्त एका हंगामाचा घेऊ नका, फिल्डिंगचे आकडे वर्षाला हिंदकळतात. तीन हंगाम एकत्र करा.

बेरीज आणि तिचा भरवसा

बॅटवर जेटर ४७० नं पुढं. ग्लोव्हवर स्मिथ ४८५ नं, पळण्यात २४ नं. गोळाबेरीज स्मिथ चाळीस रननं पुढं, आणि तेही जेटरपेक्षा अठराशेच्या वर कमी वेळा बॅटिंगला येऊन. सगळ्या गोष्टी धरून काढलेल्या वॉर या आकड्यात बेसबॉल-रेफरन्स स्मिथला सुमारे ७७ विजय देतं, जेटरला सुमारे ७१.

तरी चाळीस रन हे वीस वर्षांच्या पसाऱ्यात काहीच नव्हे, त्यामुळं इथं विश्वासाचा प्रश्न विचारावा लागतो. बॅटचा आकडा जवळजवळ पक्का असतो, हिट झाली की झाली. ग्लोव्हचा आकडा अंदाजाचा. जुन्या काळात चेंडू नेमका कुठून गेला याची आजच्यासारखी मापणी नव्हती. ग्लोव्हच्या ४८५ मधले पाव हिस्सा कापले तर उरतात ३६४, पळण्याचे २४ मिळवून ३८८, आणि जेटर पुन्हा पुढं! म्हणजे निकाल ग्लोव्हच्या आकड्यावर तुम्ही किती विसंबता त्यावर फिरतो. मी स्वतः कापत नाही. स्मिथच्या बाबतीत रेंज फॅक्टर, चेंडू-चेंडूचा हिशोब, मॅनेजरांची मतं, सगळी साक्ष एकाच बाजूला जाते. माझा कौल स्मिथला. भाच्याला हा लेख पाठवणार आहे, तो पाव हिस्सा कापणार हे मला आत्ताच ठाऊक आहे.

हे सगळं बसून केलेले कागदी खेळ आहेत असं वाटत असेल तर १९८२ ची अदलाबदल आठवा. सेंट लुइस कार्डिनल्सनी आपला शॉर्टस्टॉप गॅरी टेम्पलटन सॅन दिएगोला दिला आणि ओझी स्मिथला आणलं. व्यवहारात इतर खेळाडूही होते, पण मुद्दा या दोघांचा. टेम्पलटननं १९७९ मध्ये २११ हिट मारल्या होत्या, १९८१ ला सरासरी ०.२८८. स्मिथची १९८१ ची सरासरी ०.२२२. टेम्पलटनचं प्रेक्षकांशी वाजलं होतं, हे त्या सौद्याचं एक कारण. पण मॅनेजर व्हायटी हर्झॉगना आपलं मैदानही माहीत होतं : मोठं, कृत्रिम गवताचं, चेंडू सरसर धावणारं. अशा ठिकाणी चेंडू गाठणारा माणूस लागतो. त्या वर्षी स्मिथची सरासरी ०.२४८ होती, आणि कार्डिनल्सनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची अंतिम मालिका, जिंकली.

आपल्या मैदानावर

आता आपल्या पोरींकडं येऊ. सॉफ्टबॉलला बेसमधलं अंतर १८.२९ मीटर, म्हणजे सगळंच जवळ आणि सगळंच घाईचं. वर दिलेले भाव शालेय मॅचला जसेच्या तसे लावू नका. तिथं एकेका इनिंगला रनांचा पाऊस पडतो आणि एरर हिटपेक्षा जास्त असतात. बॅटिंगसाठी ऑन-बेस टक्का पुरेसा. एररवर पोचलेली मुलगी हिशोबाला धरू नका, पण वेगळ्या रकान्यात लिहा, कारण जोरात मारणारीच्या नावावर ते जास्त जमतात.

फिल्डिंगसाठी वहीत शॉर्टस्टॉपचं एक वेगळं पान करा. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधून गेलेला प्रत्येक चेंडू त्यावर आला पाहिजे, मुलीनं शिवला असो वा नसो. पाच रकाने पुरतात : तिसऱ्या बेसकडच्या फटीत, सरळ अंगावर, मधोमध दुसऱ्या बेसकडं, हळू घरंगळत आलेला, आणि उंच. प्रत्येक रकान्यात आउट झाला तर उभी रेघ, नाही तर शून्य. वही लिहिणाऱ्यांचा हात शून्य काढायला जड होतो, विशेषतः मुलीचे वडील शेजारी उभे असले की. काढायचं.

मैदान बघून लिहा. खानापूरच्या बाजूला लाल माती, वर मुरमाचे खडे. सरळ येणारा चेंडू ऐनवेळी उसळून छातीवर येतो. तिथला हुकलेला चेंडू आणि रोलर फिरवलेल्या मैदानावरचा हुकलेला चेंडू एकाच भावानं धरणं अन्याय आहे. मी अशा उसळीच्या शून्याला टिंब देतो आणि बेरजेत सोडून देतो. पहिल्या पावसानंतर तर आमच्याकडं वही बंदच, चिखलात कुणाचीच रेंज कळत नाही.

शालेय मॅचमध्ये दोघींच्या वाट्याला येणारे चेंडू इतके थोडे असतात, की केवळ मॅचवर निकाल देऊ नये. सरावाला एकाच माणसानं, एकाच जागी, दोघींना सारखेच ग्राउंडर मारावेत : दहा डावीकडं, दहा सरळ, दहा उजवीकडं. क्रम आधी कागदावर लिहून ठेवा, नाही तर मारणाऱ्याचा हात आवडत्या मुलीला मऊ पडतो. दोघींची पाळी एकाच संध्याकाळी घ्या. मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि नंतर दोन अवधी मोजा. बॅटला चेंडू लागल्यापासून ग्लोव्हमध्ये येईपर्यंतचा एक, तिथून पहिल्या बेसवरच्या मुलीच्या ग्लोव्हमध्ये पोचेपर्यंतचा दुसरा. पहिल्या आकड्यात पाय दिसतात, दुसऱ्यात हात. तुमच्या संघातली सर्वांत चपळ मुलगी होमवरून पहिल्या बेसला किती सेकंदांत पोचते ते मोजून ठेवा. दोन्ही आकड्यांची बेरीज त्याच्या आत आली तर आउट, बाहेर गेली तर थ्रो कितीही सरळ असला तरी उपयोग नाही.

तरीही दोघी बरोबरीत आल्या तर तुमच्या पिचरकडं बघा. ती वेगवान असेल तर उजव्या हाताच्या बॅटरची बॅट उशिरा येते, चेंडू पहिल्या बेसच्या बाजूला जातात, शॉर्टस्टॉपला काम कमी. तिथं बॅटवाली खेळवा. पिचर संथ असेल तर चेंडू ओढून मारले जातात, मग ग्लोव्हवाली. उरलेलीला बसवू नका. पाय जड पण थ्रो जोरकस असेल तर ती तिसऱ्या बेसवर चालते. पाय चपळ आणि थ्रो कमजोर असेल तर दुसऱ्या बेसवर, तिथून पहिला बेस जवळ पडतो.